विषाणूजन्य आजारानंतर ठरलेली शस्त्रक्रिया: तारीख कधी धरावी आणि तयारी कशी करावी

हर्निया, पित्ताशयातील खडे, मोतीबिंदू, गर्भाशयाची पिशवी, गुडघ्याचा सांधा, लहान मुलांचे टॉन्सिल अशी ऑपरेशने सहसा तारीख ठरवून केली जातात. त्या तारखेसाठी घराने बरीच जुळवाजुळव केलेली असते. मुलाने रजा टाकलेली असते, सोबतीला लेक माहेरी येणार असते, विम्याची किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मंजुरी हातात असते. सरकारी रुग्णालयात तर कित्येक महिन्यांनी नंबर लागलेला असतो. अशा वेळी आठ-दहा दिवस आधी रुग्णाला ताप येतो, घसा धरतो, अंग मोडून येते. तीन-चार दिवसांत ताप उतरतो आणि घरात बोलणे सुरू होते की आता बरे वाटते आहे, डॉक्टरांना सांगितले तर उगाच तारीख जाईल.

तो ताप लपवू नये, हे या लेखाचे मुख्य सांगणे आहे. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेचा सर्वांत मोठा फायदा असा की ती गरज पडल्यास पुढे ढकलता येते. आणि हा फायदा घ्यायचा की नाही, हे सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांना पूर्ण माहिती मिळाली तरच नीट ठरवता येते. बहुतेक वेळा सांगितल्याने ऑपरेशन रद्द होत नाही. कधी तारीख तशीच राहते आणि फक्त भुलेची पद्धत बदलते, कधी एखादी जादा तपासणी होते, कधी दोन ते सात आठवडे थांबावे लागते. न सांगितल्यास मात्र हे सारे भूल दिल्यानंतर, टेबलावर उघडकीस येते.

ताप उतरला तरी आत काय चालू असते

सर्दी, फ्लू, कोविड यांचे विषाणू श्वासमार्गाच्या आतल्या नाजूक अस्तरावर वाढतात आणि ते खरवडून टाकतात. कफ वर ढकलणारे सूक्ष्म केस काही काळ निकामी होतात, अस्तराखालच्या नसांची टोके उघडी पडतात आणि श्वासनलिकेला आकसण्याचा संदेश देणारी यंत्रणा गरजेपेक्षा जास्त जागी राहते. खरचटलेल्या कातडीला साधे पाणी लागले तरी जशी आग होते, तशी ही नलिका एरवी सहन होणाऱ्या गोष्टींनाही जोराने प्रतिसाद देते. नाक कोरडे झाले, आवाज मोकळा झाला, तरी ही चिडखोर अवस्था दोन ते सहा आठवडे टिकू शकते.

पूर्ण भूल देताना याच मार्गात नळी घालावी लागते किंवा मास्कमधून औषधी वायू द्यावा लागतो. चिडलेल्या श्वासमार्गात त्यामुळे तीन प्रकारचे त्रास होऊ शकतात. स्वरयंत्राचे स्नायू आवळून हवेची वाट बंद होऊ शकते, दम्यासारख्या नळ्या आकसू शकतात किंवा साचलेला कफ खाली उतरून ऑपरेशननंतर न्यूमोनिया होऊ शकतो. अनुभवी भूलतज्ज्ञ हे त्रास हाताळू शकतात. पण त्यांना आधी माहीत असेल तर नळी कोणती घालायची, औषधे कोणती टाळायची, श्वासमार्ग सैल करणारी वाफ आधी द्यायची का, याची तयारी हाताशी असते.

"आमचे तर कमरेतून इंजेक्शन देऊन होणार आहे, मग सर्दीने काय बिघडते?" असे पुष्कळ जण विचारतात. कमरेतून भूल दिली तर श्वासनलिकेला हात लागत नाही, हे खरे आहे. परंतु रुग्णाला अर्धा-पाऊण तास आडवे, स्थिर पडून राहावे लागते आणि सतत खोकला असेल तर ते जमत नाही. मोतीबिंदूच्या वेळी डोळ्यावर सूक्ष्म काम चालू असताना आलेली एक जोराची ढास डोळ्याला इजा करू शकते. हर्नियाच्या ऑपरेशननंतर आठवडाभर खोकत राहिले तर नव्या टाक्यांवर ताण पडतो. शिवाय कमरेतली भूल काही वेळा पुरी पडत नाही आणि आयत्या वेळी पूर्ण भूल द्यावी लागते.

श्वासमार्गाबाहेरही आजाराचे ठसे उरतात. विषाणूमुळे क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते, यकृत दुखावते, प्लेटलेट उतरतात, मधुमेह्याची साखर वर जाते, रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढते. म्हणून आजार कोणता होता, हा पहिला प्रश्न आणि किती दिवस झाले, हा दुसरा.

आजार कोणता, त्यावर थांबण्याचा हिशेब

साध्या सर्दी-पडशात निरोगी प्रौढाला ताप नसेल, नाकातून फक्त पातळ पाणी येत असेल, छाती स्वच्छ असेल आणि ऑपरेशन लहान असेल, तर बरेचदा ठरल्या दिवशीच करतात. याउलट १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, पिवळा-हिरवा चिकट कफ, छातीत सूं-सूं, अन्न नको वाटणे, गळून गेल्यासारखे पडून राहणे, यांपैकी काहीही असेल तर थांबणे योग्य. लक्षणे गेल्यानंतर साधारण दोन आठवडे थांबण्याकडे आजचा कल आहे. दमा, फार दिवसांचे धूम्रपान, छातीचे किंवा हृदयाचे मोठे ऑपरेशन असेल तर हा काळ चार ते सहा आठवड्यांपर्यंत जाऊ शकतो. खऱ्या फ्लूमध्ये छाती अधिक दिवस धरलेली राहते, त्यामुळे तेथे घाई आणखी कमी करावी.

कोविडच्या बाबतीत बराच स्पष्ट अभ्यास झालेला आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये ११६ देशांत शस्त्रक्रिया झालेल्या १,४०,२३१ रुग्णांची माहिती एकत्र करून तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये 'अ‍ॅनेस्थेशिया' या वैद्यकीय नियतकालिकात आले. ज्यांना कोविड झालाच नव्हता त्यांच्यात ऑपरेशननंतरच्या ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १.५ टक्के होते. संसर्गानंतर पहिल्या दोन आठवड्यांत ऑपरेशन झालेल्यांत ते ४.१ टक्के, तीन-चार आठवड्यांत ३.९ टक्के, पाच-सहा आठवड्यांत ३.६ टक्के होते आणि सात आठवड्यांनंतर ते पुन्हा १.५ टक्क्यांवर आले. मात्र सात आठवड्यांनंतरही ज्यांची लक्षणे गेलेली नव्हती, त्यांच्यात हा आकडा ६ टक्के होता. माझ्या दृष्टीने या अभ्यासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, कारण केवळ कॅलेंडर पाहून निर्णय घेता येत नाही, हे तिच्यावरून कळते. तो काळ लशींच्या आधीचा आणि ओमायक्रॉनच्याही आधीचा होता. आता लस घेतलेल्या, सौम्य आजार झालेल्या माणसाला सात आठवडे सरसकट थांबायला सांगत नाहीत. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार ठरवून करायचे ऑपरेशन किमान दोन आठवडे टाळावे आणि दोन ते सात आठवड्यांच्या दरम्यानचा निर्णय रुग्णाचे वय, इतर आजार, कोविडची तीव्रता आणि ऑपरेशनचा आकार पाहून घ्यावा.

डेंग्यूचा हिशेब निराळा आहे, आणि पावसाळ्यात व त्यानंतर महाराष्ट्रात तोच प्रश्न जास्त येतो. यात ताप उतरल्यावर धोका संपत नाही. उलट ताप उतरतानाचे २४ ते ४८ तास सर्वांत नाजूक असतात. प्लेटलेट साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात खाली जातात आणि मग वर चढू लागतात. निरोगी माणसात प्लेटलेट दीड ते साडेचार लाख असतात. बहुतेक मोठ्या ऑपरेशनांसाठी त्या किमान ५० हजार, मेंदूच्या किंवा डोळ्याच्या मागच्या भागातील कामासाठी एक लाखाच्या वर असाव्यात असे मानतात, आणि कमरेतून भूल देताना साधारण ७० ते ८० हजारांखाली भूलतज्ज्ञ सावध होतात. पण हे आकडे तातडीच्या कामासाठीची खालची हद्द आहेत. तारीख ठरवून करायच्या ऑपरेशनसाठी प्लेटलेट पूर्ववत होऊन तशाच टिकल्या आहेत, यकृताचे एन्झाइम उतरले आहेत आणि रुग्ण नेहमीसारखा जेवू-हिंडू लागला आहे, हे पाहणे जरूर आहे. म्हणून एका चांगल्या रिपोर्टवर थांबू नये. काही दिवसांच्या अंतराने दुसरा रिपोर्ट करून घ्यावा. पपईच्या पानांचा रस घेतला असेल तर तेही सांगावे; तो घेतल्याने तपासणी टाळता येत नाही.

चिकनगुनियात ताप जातो पण सांधे महिनोन्महिने दुखतात, आणि त्या दुखण्यावर घेतलेल्या गोळ्या पुढे अडचण करतात. त्याविषयी खाली सविस्तर लिहिले आहे. गुडघ्याच्या सांधेरोपणासाठी थांबलेल्या रुग्णाला चिकनगुनिया झाला, तर आताची सूज जुन्या झिजेची आहे की विषाणूची, हे अस्थिरोगतज्ज्ञांकडून पुन्हा तपासून घ्यावे.

दूषित पाण्यातून होणारी ए किंवा ई प्रकारची कावीळ ताजी असताना पूर्ण भूल देऊन मोठे ऑपरेशन करणे खरोखर धोक्याचे असते, कारण सुजलेल्या यकृतावर भुलेच्या औषधांचा आणि रक्तप्रवाहातील बदलांचा आणखी भार पडतो आणि रक्त गोठवणारे घटक यकृतातच तयार होतात. डोळ्यांचा पिवळेपणा गेला म्हणजे यकृत सावरले असे नव्हे. बिलिरुबिन, एसजीपीटी आणि रक्त गोठण्याची पीटी-आयएनआर ही तपासणी, तिन्ही ठीक येईपर्यंत तारीख मागू नये. कावीळ उतरवून घेताना एखादे मुळीचे किंवा नाकात घालायचे औषध घेतले असेल तर तेही संकोच न करता डॉक्टरांना सांगावे.

डोळे आले असतील तर मोतीबिंदूचे ऑपरेशन थांबते. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ पसरली होती तेव्हा अनेकांना हे अनुभवावे लागले. लाली, चिकटा आणि पाणी पूर्ण थांबून नेत्रतज्ज्ञांनी डोळा स्वच्छ असल्याचे पाहिल्यावरच नवी तारीख घ्यावी. नागीण कमरेवर उठली असेल तर त्या फोडांमधून सुई घालत नाहीत. घरात कोणाला कांजिण्या झाल्या असतील आणि रुग्णाला त्या पूर्वी झालेल्या नसतील, तर रुग्ण ठणठणीत असला तरी कळवावे, कारण संपर्कानंतर १० ते २१ दिवसांत फोड उठू शकतात आणि फोड उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून तो वॉर्डातील इतरांना संसर्ग देऊ शकतो.

एका कागदावर काय लिहून न्यावे

आजारपणाचा तपशील माणूस फार लवकर विसरतो, आणि तपासणीच्या खोलीत "तीन-चार दिवस ताप होता" एवढेच उत्तर निघते. त्यासाठी एक कागद करावा. त्यावर पहिले लक्षण कोणत्या तारखेला आले, ताप सर्वांत जास्त किती होता, ताप शेवटचा कधी आला, कोणत्या तपासण्या कोणत्या तारखेला झाल्या, कोणती औषधे घेतली आणि आज काय उरले आहे, हे लिहावे. उदाहरणार्थ: "४ ऑगस्टला संध्याकाळी ताप आला, १०२ पर्यंत गेला, ६ तारखेला डेंग्यू एनएस१ पॉझिटिव्ह, ९ तारखेला ताप गेला, प्लेटलेट ६८ हजार, १६ तारखेला १ लाख ९० हजार, अजून दुसऱ्या मजल्यापर्यंत चढताना मध्ये थांबावे लागते." या चार ओळींतून भूलतज्ज्ञांना जे कळते ते कितीही प्रश्न विचारून कळत नाही. रुग्णालयात दाखल केले होते का, ऑक्सिजन लावला होता का, हेही त्यात असावे. डिस्चार्ज कार्ड असेल तर मूळ कागद सोबत न्यावा.

कागद तयार झाला की सर्जनच्या दवाखान्यात लगेच फोन करावा. पुढच्या भेटीपर्यंत थांबू नये. ऑपरेशनच्या यादीत तुमच्या जागी दुसऱ्या रुग्णाला घेता येते आणि तुम्हाला पुढची तारीख लवकर मिळण्याची शक्यता वाढते. विम्याची किंवा योजनेची पूर्वमंजुरी ठरावीक मुदतीची असते, म्हणून रुग्णालयाच्या विमा कक्षाला किंवा योजनेच्या आरोग्यमित्राला नवी तारीख कळवून मुदतवाढ घ्यावी लागेल का, ते त्याच दिवशी विचारावे.

पुडीतल्या गोळ्या आणि घरचे काढे

व्हायरल तापात गावच्या किंवा गल्लीतल्या दवाखान्यातून कागदाच्या पुडीत चार-पाच सुट्या गोळ्या मिळतात. एक पांढरी, एक पिवळी, एक अर्धी तोडलेली, आणि नावे कुठेच नसतात. भुलेच्या दृष्टीने या पुडीत दोन गोष्टी महत्त्वाच्या असू शकतात. पहिली म्हणजे स्टेरॉइड. प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन दिल्यावर ताप आणि सांधेदुखी पटकन उतरते, म्हणून चिकनगुनियात ते बरेच दिवस चालू राहते. तीन-चार आठवडे किंवा त्याहून अधिक काळ स्टेरॉइड घेतले असेल तर शरीर स्वतःचे स्टेरॉइड पुरेसे बनवत नाही आणि ऑपरेशनच्या ताणात रक्तदाब अचानक कोसळू शकतो. साखर वाढते, जखम भरायला वेळ लागतो. अशी गोळी मनाने एकदम बंद करणेही तितकेच धोक्याचे आहे. दुसरी गोष्ट म्हणजे डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन अशा वेदनाशामक गोळ्या. त्या प्लेटलेटचे काम बिघडवतात, आणि डेंग्यूची शंका असताना तर त्या टाळायच्याच असतात. तापासाठी पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या मात्रेत, पुरे. म्हणून उरलेली पुडी फेकू नये, ती तशीच घेऊन जावी, आणि शक्य असल्यास त्या डॉक्टरांकडून औषधांची नावे कागदावर लिहून आणावीत.

घरगुती उपायांविषयी सांगताना लोक संकोचतात, कारण डॉक्टर रागावतील असे वाटते. हळदीचे दूध किंवा आल्याचा चहा यांची चिंता करण्याचे कारण नाही. पण रोज घेतले जाणारे काढे, लसणाच्या किंवा हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, अश्वगंधा, जिनसेंग यांचा रक्त गोठण्यावर किंवा भुलेच्या गुंगीवर परिणाम होऊ शकतो आणि ते साधारण दोन आठवडे आधी थांबवायला सांगतात. गुळवेलीबाबत २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद कोणत्याही बाजूने सुटो, ऑपरेशनपूर्वी गुळवेल रोज घेत असाल तर डॉक्टरांना सांगणे आणि यकृताची तपासणी करून घेणे यात कोणाचेच नुकसान नाही.

नेहमीच्या औषधांत स्वतः बदल करू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या आणि कधी अजिबात थांबवायच्या नाहीत, हे हृदयरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ मिळून ठरवतात. अँजिओप्लास्टी झालेल्या रुग्णाने क्लोपिडोग्रेल आपल्या मनाने सोडणे जिवावर बेतू शकते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या मोठ्या ऑपरेशनच्या तीन दिवस आधी बंद करतात, कारण उपाशी पोटी त्यांच्यामुळे रक्तात आम्ल साठू शकते, आणि आजारपणात जेवण तुटलेले असेल तर ही शक्यता आणखी वाढते. थायरॉइडची गोळी आणि दम्याचा पंप सहसा ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा चालू ठेवतात. रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी काही द्यायच्या असतात, काही आदल्या दिवसापासून थांबवायच्या असतात, म्हणून सगळ्या गोळ्यांची पाकिटे समोर ठेवून प्रत्येकीबद्दल विचारावे.

भुलेच्या तपासणीत

ऑपरेशनपूर्वी भूलतज्ज्ञ करतात त्या तपासणीला रुग्णालयात पीएसी म्हणतात. ही सही-शिक्क्याची औपचारिकता समजून पाच मिनिटांत उरकण्याकडे कल असतो, आणि तो बदलायला हवा. भूलतज्ज्ञ तोंड पूर्ण उघडायला सांगतात, जीभ बाहेर काढायला लावतात, मान मागे नेऊन पाहतात, कारण नळी घालायला किती जागा आहे ते त्यावरून कळते. गुटखा, सुपारी, तंबाखू यांनी ज्यांचे तोंड दोन बोटेच उघडते, त्यांनी हे स्वतःहून सांगावे; वर ताजी सर्दी असेल तर अवघड नळीत चिडलेल्या श्वासमार्गाची भर पडते. मिशरी लावणाऱ्या स्त्रियांना "तंबाखू खाता का?" या प्रश्नाचे उत्तर "नाही" असे वाटते, म्हणून मिशरीचा वेगळा उल्लेख करावा.

आजारानंतर दम किती उरला आहे, हे घरी पाहता येते. न थांबता दोन जिने चढून गेल्यावर वाक्य पूर्ण बोलता येते का, हे पाहावे. घरात ऑक्सिमीटर असेल तर बसून आकडा घ्यावा, सहा मिनिटे सपाट जागी चालावे आणि पुन्हा घ्यावा. आकडा तीन-चार अंकांनी घसरला किंवा ९४ च्या खाली गेला, तर चालणे थांबवून डॉक्टरांना कळवावे. छातीत दुखणे, धडधडणे, पायांवर सूज, एकाच पोटरीत दुखणे, आडवे झाल्यावर दम लागणे, यांपैकी काही आजारानंतर नव्याने सुरू झाले असेल तर ईसीजी, इको किंवा छातीचा एक्स-रे लागू शकतो. लक्षणे नसताना मात्र सगळ्या तपासण्यांची यादी मागू नये.

थांबण्याचे आठवडे

तारीख पुढे गेली म्हणजे वेळ वाया गेला असे नाही. विडी-सिगारेट चार आठवडे बंद राहिली तर छातीचे आणि जखमेचे त्रास लक्षणीय कमी होतात. आजारात वजन आणि ताकद उतरलेली असते, म्हणून रोजच्या जेवणात डाळ, उसळ, अंडी, दूध, पनीर किंवा मासळी यांपैकी काहीतरी दोन्ही वेळा असावे. हिमोग्लोबिन कमी असेल, जे पाळीच्या जास्त रक्तस्रावामुळे पिशवी काढायला आलेल्या स्त्रियांत फार वेळा असते, तर याच काळात लोहाच्या गोळ्यांनी किंवा शिरेतून दिलेल्या लोहाने ते वाढवता येते. मधुमेह्याने तापात बिघडलेली साखर जागेवर आणावी. रोज चालणे हळूहळू वाढवावे आणि तीन चेंडूंचे श्वासाचे उपकरण ऑपरेशनच्या आधीच शिकून घ्यावे. टाके दुखत असताना ते नव्याने शिकणे जड जाते. फ्लूची लस घ्यायची असेल तर याच काळात, ऑपरेशनच्या आठवडाभर तरी आधी घ्यावी, म्हणजे लशीचा ताप आणि आजाराचा ताप यांची गल्लत होत नाही. शेवटच्या दहा दिवसांत लग्नसमारंभ, जत्रा आणि आजारी नातेवाइकांची भेट टाळावी.

काही ऑपरेशनांना मात्र थांबता येत नाही. कर्करोगाची गाठ, अडकलेला हर्निया, फुटू पाहणारे अपेंडिक्स, वाढत चाललेला अडथळा, यांत थांबण्याचा धोका सर्दी-तापाच्या धोक्यापेक्षा मोठा असतो. तेथे डॉक्टर तापातही ऑपरेशन करतील, आणि "आत्ताच ताप येऊन गेला आहे" म्हणून नातेवाइकांनी अडून बसू नये. किती दिवस थांबणे परवडेल, हा प्रश्न सर्जनना सरळ विचारावा.

लहान मुलांचे

मुलांचा श्वासमार्ग अरुंद असतो, त्यामुळे थोड्या सुजेनेही मोठा अडथळा होतो, आणि भूल उतरताना स्वरयंत्र आवळण्याचा प्रकार त्यांच्यात मोठ्यांपेक्षा जास्त होतो. सर्दी चालू असताना किंवा गेल्या दोन आठवड्यांत होऊन गेली असताना ही शक्यता वाढते. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ती आणखी वाढते, मूल स्वतः खोलीत नसले तरी. टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइडच्या मुलांचे नाक वर्षभर वाहते. पूर्ण कोरडा दिवस शोधत बसले तर ऑपरेशन कधीच होणार नाही. म्हणून आईने नेहमीचे वाहणे आणि आजचे वाहणे यांतला फरक सांगावा. "रोजच्यासारखेच पांढरे पाणी आहे, खेळतो आहे, जेवला आहे" आणि "कालपासून घट्ट हिरवे येते, रात्री खोकून उठला, अंग गरम लागले" या दोन वाक्यांवर निर्णय फिरतो. मुलाचा खोकला आईला जसा कळतो तसा पाच मिनिटांच्या तपासणीत कोणालाच कळत नाही, आणि चांगला भूलतज्ज्ञ आईचे हे मत गंभीरपणे घेतो. लसीकरणाची तारीख जवळ आली असेल तर बालरोगतज्ज्ञांना अंतर विचारून घ्यावे. एमएमआरसारख्या जिवंत लशीनंतर साधारण दोन-तीन आठवडे थांबतात.

आदली रात्र आणि ती सकाळ

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ताप मोजावा आणि सकाळी पुन्हा मोजावा. नवीन खोकला, घसादुखी किंवा ताप आढळल्यास घरून निघण्याआधी फोन करावा. ताप दिसू नये म्हणून पॅरासिटामॉल घेऊन रुग्णालयात जाणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे. तापमापी फसते, आजार आत तसाच राहतो.

उपवासाचे नियम रुग्णालय सांगेल तेच पाळावेत. साधारणपणे हलके जेवण सहा तास आधी, तळलेले किंवा मांसाहारी जेवण आठ तास आधी, आईचे दूध चार तास आधी आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. दुधाचा चहा पाण्यात धरू नये. तो दुधातच मोजला जातो आणि त्याला सहा तास लागतात. नुकत्याच आजारातून उठलेल्या अशक्त किंवा मधुमेही रुग्णाला रात्रीपासून पाण्याविना ठेवू नये. त्याचा नंबर यादीत आधी लावता येईल का, असे विचारायला हरकत नाही.

ऑपरेशननंतर पहिले काही दिवस सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्यांना घरी बोलावू नये. खोकताना पोटावरच्या टाक्यांवर उशी दाबून धरावी, श्वासाचे व्यायाम जागे असताना तासातासाला करावेत आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की लगेच उठून चालावे. ताप १०१ च्या वर गेला, दम लागला, एका पोटरीत सूज-दुखणे आले, जखमेतून पाणी किंवा रक्त वाहू लागले, किंवा डेंग्यू होऊन गेलेल्या रुग्णाच्या हिरड्यांतून वा नाकातून रक्त आले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयाला फोन करावा आणि फोनवर पहिल्याच वाक्यात ऑपरेशनची तारीख व त्याआधीच्या आजाराचे नाव सांगावे.